बावीस की बत्तीस?

हवालदार नानांना कुजबुजता येत नसे. फौजेत जन्मभर बंदुका दुरुस्त करून आणि दुरुस्त झाल्यात का ते उडवून बघून त्यांचा डावा कान कामातून गेला होता, आणि उजवा, त्यांच्याच शब्दांत, ‘पेन्शनीत’ निघाला होता. त्यामुळे आपण अगदी हळू बोलतोय अशी त्यांची खात्री असायची तेव्हाही ते परेडच्या मैदानावरच असायचे. माझ्या नणंदेला बघायला मंडळी आली, तेव्हा सासऱ्यांचे जुने स्नेही म्हणून नानांना उत्रोलीहून मुद्दाम बोलावलं होतं. कांदेपोहे सुरू होते. नाना सासऱ्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “पोरगं बरं हाय. पर बाप लई बेरकी दिसतोय.” मुलाच्या बापाचा चमचा तोंडापाशीच थांबला. लग्न जमलं, ही त्या माणसाची थोरवी. व्याही अजूनही कार्याला आले की आधी विचारून घेतात, “ते फौजी येणार आहेत का?”

दुसरा त्यांचा खाक्या म्हणजे ‘खाली’, फौजी हिंदीत रिकामं. कुठलीही पोकळ वस्तू हातात आली की नाना तिच्यात डोळा घालून बघायचे आणि जाहीर करायचे, “खाली!” चहाचा कप, जेवणाचा डबा, माझ्या स्कूटीची डिकी, काही सुटायचं नाही. एकदा शंकराच्या देवळात पिंडीवरचं अभिषेकपात्र खाली घेऊन त्यांनी आत बघितलं आणि “खाली!” म्हणून असे ओरडले की पुजाऱ्याच्या हातातली घंटा पडली. मी हसले. नाना मात्र हसले नाहीत. “रिकामी असंल असं समजून माणसं मरत्यात, वकीलबाई. माज्या डोळ्यांदेखत एक पोरगा गेला. बंदूक साफ करत हुता.” त्यानंतर मी कधी त्यांच्या ‘खाली’ला हसले नाही.

भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुक्यांत ज्याच्या हाती बंदुकीचा परवाना पडे, तो आधी नानांच्या ओसरीवर यायचा. प्रश्न एकच, बोअर कुठली घेऊ? बोअर म्हणजे नळीचं तोंड केवढं, ते. आपल्याकडं साध्या माणसाला अंगावर बाळगायला मिळतं त्यात निवड थोडकीच. नऊ एमएम फौजेची आणि पोलिसांची. बाकी मुख्य वाद बावीस की बत्तीस, एवढाच. पण नाना आधी उलटा प्रश्न टाकायचे, “कुणाला घाबरता?” या प्रश्नावर निम्मे लोक चपला घालायचे. गळ्यात जाडजूड साखळी घातलेला एक ठेकेदार म्हणाला, “घाबरायचं काय? मोठ्यात मोठी सांगा नाना. चारचौघांत दिसली पायजे.” नाना म्हणाले, “मग टीव्ही घ्या. भिंतीएवडा.” ठेकेदार सहा महिने नानांशी बोलत नव्हता. नानांना ते कळलंच नाही, कारण एरवीही त्यांना कोणाचं बोलणं फारसं ऐकू येत नसे.

मी भोरच्या कोर्टात वकिली करते. माझं डोकं पटकन तापतं, हे तिथं पट्टेवाल्यापासून साहेबांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. त्या वर्षी माझ्याकडं भाटघर धरणाच्या मागच्या अंगाच्या एका वाडीचा दावा होता. वाडीला पाणी म्हणजे डोंगरातला एक झरा. पिढ्यान्‌पिढ्या बायका तिथं हंडे भरतात. झऱ्याच्या वरची उतरण बाहेरच्या एका शेठनं घेतली, तारेचं कुंपण ठोकलं, आत कुत्री सोडली आणि झऱ्याकडं जाणारी वाट अडवली. आम्ही कोर्टातून ‘जैसे थे’चा हुकूम आणला, वाट उघडली. पण पाणीच आटायला लागलं. शिमग्यापर्यंत मनगटाएवढी पडणारी धार संक्रांतीलाच करंगळीवर आली. वाडीच्या हौसाबाई मला म्हणाल्या, “बाई, वर कुंपनात कायतरी चालतंय. पर बगावं कसं? कुत्री फाडून खातील.” शेठनं तर प्रतिज्ञेवर लिहून दिलं होतं, की जमीन शेतीचीच आहे, आंब्याची रोपं लावली आहेत, प्लॉट पाडलेले नाहीत आणि बोअर एकही मारलेली नाही. माझ्या हातात पुरावा शून्य. उन्हाळा तोंडावर होता. दावा हरला असता तर ती वाडी उठली असती. पाण्यावाचून माणूस कुठं राहतो?

शेठचा एक माणूस होता, पांढऱ्या बुलेटवर फिरायचा. त्यानं एकदा वाडीच्या वळणावर माझी स्कूटी अडवली आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, “म्याडम, रस्ता वळणावळणाचा हाय. घरी लेकरं असतील.” पुढच्याच आठवड्यात माझ्या ब्रेकची वायर कोणीतरी कापली. नशीब, कळलं ते गावातल्या सपाट रस्त्यावर. कोपर फुटण्यावर भागलं. घरी हे म्हणाले, “सोड ती केस. पाया पडतो तुझ्या.” मला भीती वाटत होती, आणि मला भीती वाटली की राग येतो. पोलिसांत तक्रार केली आणि परवान्यासाठी अर्जही केला. हेलपाटे घालून परवाना मिळाला, तशी मी तडक उत्रोली गाठली.

“कुणाला घाबरता?” नानांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं, जोरात, दोनदा. नाना माझ्या हातांकडं बघत राहिले. मग म्हणाले, “बरं. मग बोअर ठरवायला टाईम लागंल.”

“टाईम कुठंय नाना? मला उद्या पाहिजे!”

“उद्या तुमास्नी तांदूळ मिळंल,” नाना म्हणाले.

थट्टा नव्हती ती. दुसऱ्या दिवशी नानांच्या बायकोनं, काकूंनी, त्यांच्या जुन्या खाकी पँटीच्या दोन पिशव्या शिवून ठेवल्या होत्या. नानांनी त्यात इंद्रायणी तांदूळ भरला होता, थेट तराजूवर जोखून. धाकटी पिशवी बावीसच्या वजनाची, थोरली बत्तीसच्या. “आदी थोरली. अंगावरनं काडायची न्हाई. कुनाला दाकवायची न्हाई. पर्समदी ठेवायची न्हाई, पर्स म्हंजी चोराची सोय. कोर्टात आत न्यायची न्हाई. मग भाईर कुनाजवळ ठेवनार, त्ये तुमीच बगा.” माझं पित्त खवळलं. एकजण माझ्या जिवावर उठलाय आणि मी तांदूळ मिरवू? पण नानांपुढं कोणाचं चालायचं? मी पिशवी घेतली.

आणि काय सांगू तुम्हाला! साडीत ती राहायला जागा नाही. काळ्या कोटात घातली की एका बाजूला कोट लोंबतो आणि मी कलती चालते. एका बाईंनी तर पोटात गाठ आहे का म्हणून विचारलं. शेवटी मी नानांची नजर चुकवून पर्समध्येच टाकली. आणि एक दिवस वाडीवर साक्षीची तयारी करताना ती काढून बाजूला ठेवली, ती तिथंच राहिली. दुसऱ्या खेपेला हौसाबाईंनी दारातच माझा हात धरला. “बाई, कशाला वो त्रास घेतला? पर तांदूळ झ्याक हुता. वास पार खालच्या घरापतूर गेला!”

हे ऐकून नाना ओसरीवरून उठून उभे राहिले. “म्हंजी तुमचं रिव्हॉल्व्हर वाडीनं आमटीसंगं खाल्लं?” सगळ्या आळीनं ऐकलं. मग जवळ येऊन ते म्हणाले, “खरी असती तर? परवाना ग्येला असता, तुमी आत ग्येला असता, आन् त्या घरातलं येकादं पोर वर ग्येलं असतं.” मी धाकटी पिशवी घेतली. ती मात्र कमरेला बसली. परकराच्या नाडीशी काकूंनी तिला एक कप्पा शिवून दिला आणि ती महिनाभर मला चिकटून राहिली. जेवताना, झाडताना, वाडीवर चढताना, कधीच सुटली नाही. कोर्टाच्या दिवशी ती घरीच कपाटात कुलपात राहायची. त्याचीही सवय लागली.

तरी नानांचं मन बत्तीसवरच होतं. “बत्तीसनं मानूस थांबतो. बावीसनं चिडतो,” हे त्यांचं ठाम मत. ते मला घेऊन पुण्याला गेले. आधी दुकानात. काउंटरवरच्या मुलानं वहीतून मान वर न करता विचारलं, “बोअर?” नाना म्हणाले, “व्हय, बोर. उत्रोली, तालुका बोर.” मुलगा म्हणाला, “काका, बोअर विचारतोय.” नाना खेकसले, “त्येच सांगतोय न्हवं! जिल्हा पुणे!” मी हसता हसता पाठ फिरवली. आमच्याकडं बऱ्याचदा बोलता बोलता ‘भ’चा ‘ब’ होतो आणि भोरचं बोर. त्या बिचाऱ्याला कसं कळावं?

मग नेमबाजीच्या रेंजवर दोन्ही चालवून बघितल्या. बत्तीसनं माझा हात असा वर फेकला की गोळी कुठं गेली ते देवाला माहीत. दुसऱ्या गोळीच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. बावीस हातात घेतली आणि हात हलला नाही. एकापाठोपाठ एक गोळी कागदावर बसली, तीही जवळजवळ. तिथला शिकवणारा म्हणाला, “बाईंना हीच.” नानांचं तोंड कारल्यासारखं झालं. परतीच्या एसटीत ते भोर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

भोरच्या स्टँडवर उतरलो आणि चहाला बसलो. तिथं नानांनी वाद पुन्हा उकरून काढला. आजूबाजूला माणसं, म्हणून मी खुणेनंच ‘हळू’ म्हटलं. नाना पुढं वाकले, बशीतला चहा फुरकला आणि त्यांच्या समजुतीप्रमाणं कुजबुजले, “बगा वकीलबाई, बावीसची बोअर झाकून जाती. बत्तीसची झाकायला अवगड, कुनाच्याबी नजरंला येती. पर तुमास्नी दोनीबी म्हायती झाल्या न्हवं? मग झालं! कोर्टाच्या ह्या भानगडीत आदीच काडायची न्हाई. येळ आली की मगच काडायची!” मी कपाळावर हात मारला. उठताना बघते तर काय, मागच्या बाकावर आमच्याकडं पाठ करून तो पांढऱ्या बुलेटवाला बसलेला. मी शस्त्र घेणार हे आता शेठला कळणार, असं मला वाटलं. नाना मात्र पिशवी झटकत होते. “खाली!”

चार दिवसांनी तारीख होती. शेठ पिंजऱ्यात उभा होता आणि मी उलटतपासणी घेत होते. खरं सांगायचं तर माझ्याकडं विचारण्यासारखं फारसं काही नव्हतं. हौसाबाई आणि वाडीतल्या बायका मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडं बघत. मी नुसता वेळ काढायला विचारलं, “तुमच्या कुंपणाच्या आत काय काय आहे?”

शेठला घाम फुटला होता. मला कळेना का. तो घाईघाईनं म्हणाला, “आंबे आहेत, साहेब. नुसते आंबे. आणि बावीस नंबरात किंवा बत्तीस नंबरात एकही बोअर नाही. कोणी काहीही सांगो!”

शेठच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. आधी माझ्याही डोक्यात काही शिरेना. मग एकदम लख्ख उजेड पडला.

“बावीस नंबर कशाचे?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला. “तुम्ही तर प्लॉट पाडलेलेच नाहीत. मग आंब्यांना नंबर दिलेत का?”

कोर्ट हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि शेठला विचारलं, “बोअरचं तुम्हाला कोणी विचारलं होतं?” शेठ आपल्या वकिलांकडं बघायला लागला. मी तिथल्या तिथं अर्ज दिला आणि त्याच दुपारी कोर्टानं पाहणीसाठी कमिशनर नेमला. त्याच पावली शेठला कुत्री बांधून ठेवावी लागली. कुंपणात गेल्यावर रंगीत खुंट्या सापडल्या, त्यांवर प्लॉटांचे नंबर. बावीस नंबरात कडब्याची गंजी होती. ती ओढली, खाली बोअर. बत्तीस नंबरात शेणाचा ढीग होता. तो उपसला, खाली दुसरी बोअर. दोन्हींत मोटरी सोडलेल्या. झऱ्याच्या पोटातलं पाणी वरच्या वर खेचून शेठ प्लॉट विकायची तयारी करत होता.

हे कसं घडलं ते मला तिथंच, कोर्टाच्या व्हरांड्यात कळलं. शेठ बुलेटवाल्याची गचांडी धरून ओरडत होता, “तूच सांगितलंस ना मला, की तिला बावीसची न् बत्तीसची दोन्ही बोअर माहिती झाल्यात म्हणून? कोर्टात काढणार म्हणून?” मी खांब धरला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हौसाबाईंना वाटलं मी रडतेय. त्याही रडायला लागल्या, आणि मग कारण न कळताच माझ्याबरोबर हसायलाही.

नानांना जाऊन सांगितलं तर ते आनंदायचं सोडून चिडले. “पर आमी तर हळू बोलत हुतो!” त्यांना आपला अपमान झाल्यासारखा वाटला. मग गालातल्या गालात हसत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “शाबास पोरी.” एवढे दिवस मी त्यांची वकीलबाई होते. मला निकालाहून तो हात मोठा वाटला.

निकालही झाला. बोअर बंद झाल्या, कुंपण मागं सरकलं, वाट आणि झरा कायमचे वाडीच्या वहिवाटीचे ठरले. बुलेटवाल्यावर ब्रेकच्या वायरीचा गुन्हा दाखल झाला आणि त्यानं तो कबूलही केला. पुढच्या पावसाळ्यानंतर झरा पुन्हा मनगटाएवढा झाला तेव्हा वाडीनं नानांना टेम्पोतून वाजतगाजत वर नेलं. हौसाबाईंनी भरलेला हंडा त्यांच्यापुढं ठेवला. सवयीनं नानांनी वाकून आत बघितलं, तोंड उघडलं आणि थबकले. मग सगळ्या खोऱ्यात ऐकू जाईल असे ओरडले, “भरल्याला हाय!” बायकांनी एकच कल्ला केला.

उतरताना मी म्हटलं, “नाना, आता कशाला घ्यायचं ते रिव्हॉल्व्हर? भीती गेली.”

“आत्ताच घ्यायचं,” नाना म्हणाले. “परवाना कशाला सोडताय? ह्या कामात शेठ काय येकच हाय व्हय? त्या दिशी माज्या ओसरीवर आला तवा तुमचं हात कापत हुतं. कापत्या हातात बोअर कुटलीबी असू द्या, ती आपलीच मानसं मारती. म्हनून तर मंग तांदूळ.” आणि मग अगदी जड मनानं, “बावीसच घ्या. तुमच्या हाताला तीच.” मी बावीस घेतली. रेंजवर चालवते, कागदावर बसतात गोळ्या. माणसावर रोखायची वेळ आजपर्यंत आली नाही, आणि त्या खोऱ्यात मी एकटी जाते, एकटी येते.

नाना गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत गेले. झोपेतच गेले, सुखानं. लेक साताऱ्याहून यायची होती म्हणून थांबायचं ठरलं. उत्रोलीचं अंगण माणसांनी भरलं होतं. मी काकूंपाशी बसले होते. पलीकडं अंघोळीसाठी चूल मांडली होती. कोणीतरी नळाखाली बादली लावायला गेलं, तेवढ्यात रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजायला लागला, थांबेचना. मला राग आला. मयताच्या घरी हॉर्न वाजवतात का? मी तावातावानं उठून दाराशी गेले.

टेम्पोतून वाडी उतरत होती. म्हाताऱ्या, सुना, पोरी, झाडून सगळ्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर झऱ्याच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला हंडा. एवढ्या वळणांतून आणलेलं ते पाणी सांडून त्यांचे पदर ओलेचिंब झाले होते. हौसाबाई सगळ्यांच्या पुढं होत्या. डोळे गळत होते, पण मान ताठ आणि आवाज खणखणीत.

“वाट द्या!” त्या म्हणाल्या. “आमच्या नानांच्या आंगुळीचं पानी आलंय.”